घराला कुलूप, संगणक मात्र सताड उघडा!

दारात अनोळखी माणूस उभा राहिला, तर मराठी कुटुंब साखळी लावूनच दार किलकिले करते. त्याच घरातील संगणकावर मात्र ‘आपला संगणक धोक्यात आहे, येथे क्लिक करा’ अशी पाटी झळकली, की क्षणाचाही विचार न करता क्लिक केले जाते. ज्या यंत्रात बँकेचे व्यवहार, आयकराचे विवरणपत्र आणि मुलाबाळांची छायाचित्रे साठवलेली असतात, त्याच्याबाबतचा हा निष्काळजीपणा आत्मघातकीच म्हटला पाहिजे.

संगणकाचा विषाणू बहुधा उपद्रव करून स्वतःचे अस्तित्व जाहीर करतो. ‘स्पायवेअर’चे तसे नाही. तो घरभेदी हेर आहे. कळफलकावर उमटणारे पासवर्ड टिपून परस्पर धन्याकडे पोहोचवायचे आणि आपला मागमूस लागू द्यायचा नाही, हीच त्याची रीत. हे काम केवळ भुरटे चोरच करतात, असेही नाही. २००५ साली ‘सोनी बीएमजी’ या बड्या कंपनीच्या संगीताच्या सीडी संगणकात घालताच एक छुपी प्रणाली आत शिरून दडून बसत असल्याचे उघडकीस आले. कंपनीला अखेर त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. मोठे नाव म्हणजे विश्वासाची हमी नव्हे, हा त्यातला धडा.

दुसरा धडा मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’चा. दीडशेहून अधिक देशांतील संगणकांतील माहिती कुलूपबंद करून त्याने खंडणी मागितली. ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाजही विस्कळीत झाले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती! औषध उशाशी होते. ते घेतले गेले नाही.

आपल्याकडे तर दुखणे आणखी खोलवर आहे. ‘फुकट ते पौष्टिक’ ही वृत्ती संगणकाच्या क्षेत्रात विषाची परीक्षा ठरते. हजारो रुपयांचा संगणक घ्यायचा आणि त्यात प्रणाली मात्र चोरीची भरायची, यात व्यवहार नाही आणि नीतीही नाही. चोराने कुलूप फोडून दिलेल्या प्रणालीत त्याने आणखी काय पेरून ठेवले आहे, हे कोण सांगणार? पैसा वाचवायचाच असेल, तर लिनक्ससारख्या अधिकृतपणे मोफत असलेल्या प्रणालींचा राजमार्ग खुला आहे.

उपाय खर्चाचे नाहीत, शिस्तीचे आहेत. प्रणालीच्या दुरुस्त्या आपोआप उतरतील अशी व्यवस्था ठेवावी. विंडोज १० चा सर्वसाधारण सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे ती वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. रोजच्या कामासाठी, विशेषतः मुलांसाठी, मर्यादित अधिकारांचे खाते असावे. म्हणजे परवानगीवाचून नवे काही बसणार नाही. विषाणूरोधक एकच, पण अद्ययावत असावा. प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड वेगळा असावा. महत्त्वाच्या माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून अलग ठेवावी. खंडणीखोरापुढे ताठ मानेने उभे राहण्याचे बळ त्या प्रतीतच असते.

एवढे करूनही घात झालाच, तर संगणक तत्काळ इंटरनेटपासून तोडावा, पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित यंत्रावरून बदलावेत आणि पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे विषाणू सोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु तक्रारच झाली नाही, तर कायदा पोथीतच राहतो. फसलो हे सांगण्याची लाज चोराच्याच पथ्यावर पडते.

पोलीस आणि शासन यांनी आपले काम चोख केलेच पाहिजे. मात्र घराची कडी आतून लावण्याचे काम घरच्यांनीच करायचे असते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय या क्षेत्रात फार महाग पडते. सावधपणाचे संस्कार जसे उंबरठ्यावर होतात, तसेच ते आता संगणकाच्या पडद्यासमोरही व्हायला हवेत.