बेत नसावा, भान असावे

शनिवारी सकाळी चहा घेता घेता घरातील कोणीतरी म्हणते, “चला, समुद्र पाहून येऊ!” आणि तासाभरात गाडी आजरा-आंबोलीच्या वाटेस लागलेली असते. कोठे उतरावयाचे, कोठे जेवावयाचे, काही ठरलेले नसते. आमच्या वडिलांच्या पिढीस हे निव्वळ खूळ वाटले असते. त्या काळी प्रवास म्हटला की आधी दिवस पाहावयाचा, सोयऱ्यांस पत्र धाडावयाचे, दशम्यांचे गाठोडे बांधावयाचे आणि मग घराबाहेर पाऊल टाकावयाचे. परंतु आयुष्यातील सारेच दिवस घड्याळास बांधून घातल्यावर एखादा दिवस मोकळा सोडावासा वाटला, तर त्यात वावगे काय? अशा अवचित भटकंतीस आमचा विरोध नाही. आमचे सांगणे थोडे निराळे आहे.

आमचे एक स्नेही गेल्या हिवाळ्यात असेच सहकुटुंब निघाले. सावंतवाडीस पोहोचल्यावर हमरस्ता सोडून त्यांनी शिरोड्याची वाट धरली. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत तेथील शाळेत शिक्षक होते आणि तेथून ते कोल्हापुरास आले. तेव्हा कोल्हापूरकरांस ते गाव तसे परके नव्हे. पुढे रेडी आणि मग तेरेखोल. नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात मोडणारे हे चिमुकले गाव. तेथील किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ साली तो पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला, आणि गोवा मुक्त व्हावयास १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला.

पलीकडे केरीस जावयाचे तर फेरीबोट. ती अर्थातच पैलतीरी होती. ओहोटीमुळे काही वेळ थांबावे लागेल, असेही कळले. मुले कुरकुरली. पण त्याच खोळंब्यात आजोबांनी किल्ल्याची ही सारी हकीकत सांगितली, आणि पुढे घरी आल्यावर मुलांच्या तोंडी समुद्राहून अधिक ती हकीकतच होती. बेत आखून निघालेल्या माणसास तो खोळंबा जाचला असता. बेतावाचून निघण्याचा खरा लाभ हाच की, वाट जे देईल ते घेता येते.

केरी, हरमल, मांद्रे करीत मंडळी मोरजीस पोहोचली तेव्हा दिवस मावळला होता. हा सारा पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडी संस्थानचाच. मोरजाईच्या या गावी मराठी बोलले की मराठीतच उत्तर मिळते. आपल्याच मुलखात आल्याच्या उत्साहात आमच्या स्नेह्यांनी गाडी थेट वाळूकडे वळविली. तोच एक गावकरी पुढे आला. आवाज न चढविता त्याने गाडी मागे घेण्यास व दिवे मालविण्यास सांगितले. कासवे येण्याचे दिवस आहेत, एवढेच त्याने कारण दिले.

ऑलिव्ह रिडले जातीची ही कासवे थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येतात. मादी वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात परतते. ज्या परिसरात ती जन्मली तेथेच पुन्हा येते. म्हणजे बाळंतपणास माहेरी येते म्हणावयाचे. तीही न कळविताच येते. पण उजेड वा वर्दळ दिसली तर अंडी न घालताच माघारी फिरते. दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिले समुद्रावरील अंधूक प्रकाशाच्या दिशेने धावतात. जमिनीकडे झगमगते दिवे असले की ती दिशा चुकतात आणि पाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे त्यांच्या विणीसाठी राखलेले आहेत. मोरजीत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून गावकऱ्यांनी वन खात्याच्या साहाय्याने अंड्यांची राखण चालविली आहे. किनाऱ्यावर गाडी नेण्यास तर गोव्यात कायद्यानेच मनाई आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये याच तालुक्यात मोपा येथे विमानतळाचे उद्घाटन झाले. जेथे पूर्वी घाट उतरून आणि तरी ओलांडून पोहोचावे लागे, तेथे आता देशभरातून मंडळी काही तासांत उतरतात. अवचित येणारा पाहुणा एखादा असतो तोवर त्याचे कौतुक होते. तो हजारांनी येऊ लागला की त्याची प्रत्येक लहानशी लहर किनाऱ्यास सोसावी लागते. “आम्हांस ठाऊक नव्हते” ही सबब कासवाच्या पिलास उपयोगी पडत नाही.

पूर्वीचे लोक पत्र धाडून जात, त्यात सोयीइतकीच यजमानाची कदरही असे. आज पत्र नको. पण ती कदर हवी. निघण्यापूर्वी मुक्काम ठरवू नये, हवे तर वाटही ठरवू नये. मात्र ज्या गावी जाऊ तेथील भरती-ओहोटी, तेथील विणीचे दिवस आणि तेथील माणसांचा शब्द यांस मान द्यावयाचा, एवढे मनाशी ठरवूनच निघावे.

आमच्या स्नेह्यांनी त्या रात्री दिवे मालवून गाडी मागे घेतली आणि सारी मंडळी दूर अंधारात तासभर बसून राहिली. कासव काही दिसले नाही. लाटांचा आवाज मात्र ऐकला, आणि मुलांपैकी कोणीही कुरकुरले नाही.