पडदा कसा निवडावा?

मुलांनो, घरी संगणक घ्यायचा ठरला, तर मोठ्यांना एक गोष्ट जरूर सांगा. पडदा मोठा म्हणून चांगला, असे नसते. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाखांहून अधिक ठिपके! तेवढेच ठिपके २२ इंची पडद्यावर दाट बसतात, २७ इंची पडद्यावर विरळ होतात. मग जवळून अक्षरे ओबडधोबड दिसतात. उर्दूचा नुक्ता आणि मराठीचा अनुस्वार, दोन्ही लहानच. ते नीट दिसले नाहीत, तर शब्दच बदलतो. म्हणून दुकानातल्या रंगीत चित्रांना भुलू नका. दोन्ही भाषांचा एकेक उतारा तिथेच वाचून पाहा. जो डोळ्यांना सुखाचा वाटेल, तोच पडदा घ्या. पैसे उरले, तर पुस्तके घ्या.