डंपरला फिटनेस प्रमाणपत्र लागतं, मग जेसीबीला का नाही?

पुण्याच्या चांदणी चौकातून निघालेला रस्ता पौड, माले करत ताम्हिणी घाटाकडे जातो. एसटी, दुचाकी, पर्यटकांच्या गाड्या आणि बांधकामाची अवजड वाहनं, सगळ्यांसाठी हाच रस्ता. याच मुळशी तालुक्यात, हिंजवडी-माण रस्त्यावर जानेवारी २०२५ मध्ये काँक्रीट मिक्सर उलटून दुचाकीवरच्या दोन तरुणींचा मृत्यू झाला. अशा अपघातानंतर चर्चा होते ती वेगाची. पण या यंत्रांची तपासणी कोण करतं?

डंपर आणि मिक्सरचं काय?

ट्रकच्या चासीवर बांधलेली ही वाहनं मालवाहू गटात येतात. त्यांना आरटीओच्या नियमांनुसार फिटनेस प्रमाणपत्र लागतं. वाहन आठ वर्षांचं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे तपासले जातात. डंपरला ताशी ६० किलोमीटरचा वेगनियंत्रकही बंधनकारक आहे.

जेसीबी वेगळा कसा?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जेसीबी, रोलर, मोबाइल क्रेन ही ‘बांधकाम उपकरण वाहनं’ आहेत. त्यांचं मुख्य काम रस्त्याबाहेरचं. रस्त्यावर ती थोडा वेळ आणि ताशी ५० किलोमीटरच्या आतच धावणार, असं नियम गृहीत धरतो. म्हणून ती परिवहनेतर गटात जातात आणि ट्रकसारखं ठरावीक काळाने फिटनेस प्रमाणपत्र घेण्याचं बंधन त्यांना नाही. नोंदणी १५ वर्षांची असते.

वजन उचलणाऱ्या यंत्रांचं काय?

इथे कामगार सुरक्षेचे नियम लागू होतात. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालच्या नियमांनुसार क्रेनची वापरापूर्वी चाचणी आणि वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी आवश्यक ठरली. हे महत्त्वाचं का, ते ३१ जुलै २०२३ च्या रात्री दिसलं. शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम सुरू असताना गर्डर लाँचर कोसळला आणि २० जणांचा जीव गेला.

मग फट कुठे आहे?

एकाच साइटवरची तीन यंत्रं अशी वेगवेगळ्या नियमांत विभागली जातात. शिवाय प्रमाणपत्र सांगतं ते तपासणीच्या दिवसाचं. घाटात रोज भरून उतरणाऱ्या डंपरचे ब्रेक त्यानंतरही झिजतच असतात. त्यामुळे काम सुरू होण्याआधी चालकाने केलेली रोजची तपासणी आणि बिघाड दिसल्यावर यंत्र थांबवण्याची त्याला असलेली मुभा, हीच खरी पहिली पायरी. कामाला उशीर झाला तरी चालेल, हे मात्र ठेकेदाराने मान्य करायला हवं.


गावातल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या डंपरचं फिटनेस संपलंय का, हे ‘एमपरिवहन’ ॲपवर वाहन क्रमांक टाकून कुणालाही पाहता येतं.