'शेवटचे १० पीस' लिहून किंमत वाढत नाही: तीन गाड्यांचा हिशेब

ट्रेनिंगला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या प्लॅनमध्ये 'लिमिटेड एडिशन' हा शब्द असतोच. साड्या असोत, साबण असोत नाहीतर मसाले. माल कमी काढायचा म्हणजे लोक तुटून पडतील आणि भाव आपोआप चढेल, असं गणित. आणि दाखला कुणाचा? महागड्या गाड्यांचा. "सर, फेरारीवाले थोड्याच गाड्या काढतात म्हणून तर त्या कोटींत जातात ना!"

मला हे पटत नाही. का पटत नाही ते गाड्यांच्याच आकड्यांवरून सांगतो.

१९८७ ते १९९८ या काळातल्या तीन गाड्या घ्या. फेरारी एफ४०, जॅग्वार एक्सजे२२० आणि मॅकलॅरेन एफ१. फेरारीने एफ४० साधारण ४०० काढायच्या ठरवल्या होत्या, पण मागणी बघून १३०० च्या वर काढल्या. जॅग्वार निघाली २८० च्या आसपास. मॅकलॅरेन सगळ्या मिळून फक्त १०६. आता नुसत्या कमी मालामुळे किंमत वाढत असती, तर आज जॅग्वार ही फेरारीपेक्षा कितीतरी महाग असायला हवी होती. प्रत्यक्षात उलटं आहे. लिलावात एफ४० जॅग्वारच्या कित्येक पट भावाने जाते. म्हणजे गोम संख्येत नाही, दुसरीकडेच आहे.

जॅग्वारची गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्या कामाची आहे. कंपनीतले काही इंजिनिअर शनिवारी, सुट्टीच्या वेळात, स्वतःच्या हौसेने एक गाडी बनवत होते. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात ती ठेवली. १२ सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद, वर उघडणारी दारं. नावातलं २२० म्हणजे ताशी २२० मैल वेगाचं लक्ष्य. लोक वेडे झाले. कंपनीने बुकिंग उघडलं: गाडी जास्तीत जास्त ३५०, किंमत २ लाख ९० हजार पौंड, कर वेगळा, आणि ऍडव्हान्स ५० हजार पौंड. पैसे भरणाऱ्यांत गाडीचे शौकीन होते तसे सट्टेवालेही होते. आपल्याकडे फ्लॅट ताब्यात यायच्या आधीच पुढे विकायला बघतात ना, तसेच.

मग १९९२ मध्ये गाडी आली. इंजिन ६ सिलिंडरचं, टर्बोवालं. ताकद फक्त मागच्या चाकांना. ती खास दारंही नाहीत. किंमत मात्र महागाईप्रमाणे वाढत, करासह ४ लाख पौंडांच्या पुढे. मधल्या काळात मंदी आली होती. ग्राहक म्हणाले, आम्ही बुक केली ती गाडी ही नव्हे. काही जण कोर्टात गेले. निकाल कंपनीच्या बाजूने लागला, कारण कागदावर सगळं बरोबर होतं. पण काही गाड्या पुढे कित्येक महिने विकल्याच गेल्या नाहीत. गंमत म्हणजे गाडी वाईट नव्हती, त्या वेळी जगातली सगळ्यात वेगवान गाडी तीच होती! २२० चा आकडा तेवढा थोडक्यात हुकला. तरी वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी राहिलं काय, तर "बाराऐवजी सहा दिले". कोर्टात जिंकलेली केस दुकानात हरता येते, हे लक्षात ठेवा.

फेरारी एफ४० याच्या बरोबर विरुद्ध. आत गालिचा नाही, रेडिओ नाही, दार आतून उघडायला हँडलऐवजी दोरी. एवढ्या पैशात दोरी! पण शर्यतीच्या जवळची गाडी देतो म्हणाले आणि तशीच दिली. संख्या तिपटीने वाढवली तरी कुणाला फसल्यासारखं वाटलं नाही.

आणि मॅकलॅरेन? डिझायनर गॉर्डन मरे यांनी बीएमडब्ल्यूकडे ५५० अश्वशक्तीचं इंजिन मागितलं, मिळालं ६२७ चं. ड्रायव्हर मधोमध, दोन प्रवासी दोन बाजूंना. इंजिनच्या खणात उष्णता परतवायला सोन्याचा पत्रा. किंमत ५ लाख ४० हजार पौंड. ३०० विकायचा विचार होता, पण तीच मंदी आडवी आली आणि गाडा १०६ वर थांबला. नीट बघा, ही 'लिमिटेड एडिशन' नव्हतीच. ती न खपलेली गाडी होती. १९९५ मध्ये हीच गाडी ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, तरीही खप वाढला नाही.

मग नाव टिकलं कशावर? माझ्या मते सर्व्हिसवर. गाडी तपासायला १९९० च्या दशकातला एक कॉम्पॅक लॅपटॉप लागायचा. तो कंपनी २०१६ मध्येही सांभाळून वापरत होती, कारण त्याशिवाय जुन्या ग्राहकाचं काम अडलं असतं. आपल्याकडे तीन वर्षांपूर्वीच्या मिक्सरचं भांडं मागितलं तर काउंटरवरून काय उत्तर मिळतं, ते तुम्हाला माहीतच आहे. आपले मिस्टर बीन, म्हणजे रोवन ऍटकिन्सन, यांची एफ१ दोनदा ठोकली गेली. २०११ च्या अपघातानंतर दुरुस्तीलाच ९ लाख पौंडांच्या वर लागले, विमा कंपनीने भरले. तीच गाडी, रोजच्या कामाला वापरलेली, २०१५ मध्ये ८० लाख पौंडांच्या आसपास विकली गेली. दोनदा ठोकलेली गाडी एवढ्या भावाने कोण घेतो? ज्याला माहीत असतं की ती बनवणाऱ्यानेच नीट केली आहे, तो.

एक कडू गोष्टही सांगतो. २०२१ मध्ये अमेरिकेत जवळपास न चालवलेली एक एफ१ २ कोटी डॉलरच्या वर गेली. त्यातून कंपनीला विक्रीचा एक डॉलरही मिळाला नाही, मिळाला तो विकणाऱ्याला. त्यामुळे 'माझा माल उद्या दुर्मिळ होईल' हा बिझनेस प्लॅन नाहीच. उद्याच्या भावावर आजचं दुकानभाडं देता येत नाही. कंपनीला फायदा झाला तो वेगळ्या मार्गाने. २०१३ मध्ये मॅकलॅरेनने पी१ आणली, ३७५ गाड्यांची मर्यादा घातली आणि ते वर्ष संपायच्या आत सगळ्या बुक झाल्या. आता मर्यादा चालली, कारण मागे २० वर्षांची वागणूक होती.

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत, ऍडव्हान्स घेताना पावतीवर काय काय लिहायचं (नग, साहित्य, किंमत कधीपर्यंत पक्की, माल बदलला तर पैसे परत कसे) ते पुढच्या व्हिडिओत घेतो. तुमचं बिलबुक जवळ घेऊन बसा.