इफ्तारीची चटणी घरच्या चिंचेची

रोजा खजुराने सोडतात, हे गोंदियात आमच्या हिंदू शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण त्यानंतर भजी-समोशांसोबत येणारी आंबटगोड चटणीही नावाने खजुराचीच नातलग. अरबांनी चिंचेला ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले. त्यावरूनच इंग्रजीत ‘टॅमरिंड’ झाले. झाड मूळचे आफ्रिकेचे, पण आज त्याला परके कोण म्हणेल?

रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो चिंचा पिकण्याच्या हंगामाशी जुळला आहे. अशा वेळी बाजारातून लालभडक चटणी पिशवीत बांधून आणणे मला पटत नाही. साखर, सायट्रिक ॲसिड आणि रंग एवढ्यावरही तशी चव जमते. त्यात चिंच किती, हे खाणाऱ्याला कळत नाही.

चिंचेचे उगाच गोडवे गायचीही गरज नाही. आंबट म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व भरपूर, हा समज इथे लागू होत नाही. 100 ग्रॅम गरात ते जेमतेम 3 ते 4 मिलिग्रॅम असते. त्यासाठी आवळा बरा. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. तेवढ्याच गरात पोटॅशियम सुमारे 600 आणि मॅग्नेशियम सुमारे 90 मिलिग्रॅम असते, शिवाय तंतू. पण चटणी आपण खातो दोन चमचे. तिचे खरे काम दिवसभर कोरड्या पडलेल्या तोंडाला चव आणण्याचे. गरातच निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणून गोडीसाठी खजूर घातला, तर गुळाचा हात आखडता घ्यावा. मधुमेह्यांनी तर चमचा मोजूनच घ्यावा.

जिरेपूड, सुंठ, सैंधव घालून ही चटणी तासाभरात होते. ती चिनी मातीच्या बरणीत ठेवावी. ज्या चिंचेने आपण पितळ लख्ख करतो, ती कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नये.

केंद्राने 2013-14 पासून राबवलेल्या गौण वनोपजाच्या किमान आधारभूत किंमत योजनेत चिंचेचाही समावेश आहे. सरकारी खरेदी होईल तेव्हा होईल. देवरी-सालेकसाकडच्या आठवडी बाजारात चिंच घेऊन बसलेल्या बाईला आजच गिऱ्हाईक हवे आहे. रमजानसाठी किलोभर चिंच तिच्याकडून घ्या, आणि भावासाठी घासाघीस करू नका. एरवी आपण दानाच्या गोष्टी करतो; इथे तर तिच्या कष्टाचे दाम तेवढे द्यायचे आहे.