दुसऱ्यांची बाळंतपणे आणि स्वतःची रजा

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले. दहा वर्षे सेवा झालेल्यांना शासनसेवेत सामावून घेण्याचा निर्णय शासनाने मार्च २०२४ मध्येच घेतला होता. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून त्यांना काम बंद करावे लागले. अशा वेळी वर्तमानपत्री मथळा ठरलेला असतो : रुग्णांचे हाल. हाल होतात, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु या संपकऱ्यांमध्ये उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकाही होत्या. सरकारी भाषेत एएनएम आणि लोकांच्या तोंडी सिस्टर. रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या बाळाची नाळ कापणारी ही बाई आपले तान्हे मूल कोणाच्या भरवशावर टाकून येते, हा प्रश्न ना शासनाच्या पटलावर आहे, ना तिच्या संघटनांच्या मागणीपत्रात फारसा वर. आणि खरे सांगायचे तर तो आपल्या चळवळीच्या विषयपत्रिकेवरही नाही.

तो असायला हवा, कारण हे काम आपल्या बायकांना नवे नाही.

गावगाड्यात बाळंतपण करणारी सुईण कोण होती? बहुतेक गावांत ती मांगीण होती. कुठे महारीण, कुठे चांभारीण, काही भागांत न्हावीण. बाळंतिणीचा विटाळ, वार आणि नाळ यांना सवर्ण घरातली बाई हात लावणार नाही, म्हणून ज्यांच्या हाताचाच विटाळ मानला जात होता त्यांच्याकडे हे काम आले. आडवे आलेले मूल फिरवण्याचे कसब, अडलेल्या बाईला धीर देण्याची हातोटी, अंगावर जाणारे रक्त ओळखण्याची नजर, हे सर्व त्या बाईकडे होते. तिला मिळायचे काय? एखादे जुने लुगडे, नारळ, पायलीभर दाणे. जिच्या हातावर मूल जन्माला आले, तिला बारशाच्या दिवशी अंगणाच्या कडेला बसवले जायचे. हे ज्ञान होते, पण त्याला विद्या म्हटले गेले नाही. श्रम होते, पण त्यांना मजुरी नव्हती. जातीने लादलेले काम म्हणतात ते हेच.

उत्तर प्रदेशात स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत 'नारा-मवेशी' नावाचे आंदोलन झाले. नारा म्हणजे नाळ आणि मवेशी म्हणजे मेलेले जनावर. चर्मकार समाजाच्या पुरुषांनी मेलेली गुरे ओढायला नकार दिला, त्याच वेळी बायकांनी नाळ कापायला नकार दिला. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचा आदेश दिला, तो आपल्याला पाठ आहे. परंतु नाळ कापण्याचे नाकारणाऱ्या त्या बायकांची आठवण आपण काढत नाही. गुरे ओढणे सोडले तर जनावर गावात कुजते. नाळ कापणे सोडले तर सवर्ण घरातली सून अडते. बहिष्कार आणि मारहाण दोन्ही त्यांच्या वाट्याला आली, तरी त्या मागे हटल्या नाहीत.

या कामाची दुसरी बाजू सावित्रीमाईंनी दाखवली. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे तिथे केली. तेच काम, पण तिथे ते विटाळाचे राहिले नाही. जे काम जातीमुळे करावे लागते आणि जे शिकून, स्वतःच्या इच्छेने केले जाते, त्यांच्यात केवढे अंतर आहे हे त्या घराने दाखवून दिले.

आज आपल्या मुली हे काम शिकून करतात. कोणत्याही तालुक्यातल्या उपकेंद्रांच्या फलकांवरची आडनावे वाचावीत, म्हणजे कोण शिकले ते कळेल. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएमचा अभ्यासक्रम, त्यातले शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे. जीएनएम केले तर तीन वर्षे. डॉक्टर, इंजिनियर होण्यासाठी लागणारा पैसा आणि क्लास ज्यांच्या आवाक्यात नाहीत, त्या घरातल्या मुलीला पगारापर्यंत नेणारा हा सर्वांत जवळचा जिना आहे. त्यामुळे खासगी नर्सिंग शाळांचे पीक आले. शिष्यवृत्ती मिळायला वेळ लागतो आणि संस्था मात्र फी आधी मागते. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. म्हणजे आई कायम सेवेतली आरोग्यसेविका असेल, तर तिच्या पगारामुळेच मुलगी बाद होते.

पण फीपेक्षा अवघड गणित वयाचे आहे. शिक्षणाचे वय तेच लग्नाचे वय. पहिल्या वर्षाला असताना स्थळे येतात आणि दुसऱ्या वर्षाला असताना लग्न लागते. मुलाकडचे लोक म्हणतात, शिकू देऊ की, नोकरीही करू देऊ. 'देऊ' हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. प्रशिक्षणात ठरावीक संख्येच्या प्रसूती स्वतःच्या हातांनी करून केसबुकात सही घ्यावी लागते, आणि प्रसूती काही कॉलेजच्या वेळापत्रकाने होत नाही. म्हणून रात्रपाळी आली, वसतिगृह आले. वसतिगृहात तान्ह्या मुलाला जागा नसते. मग सहा महिन्यांचे बाळ आजीकडे ठेवून, छातीतले दूध दाबून काढत, दुसऱ्यांच्या बाळंतपणाचे धडे गिरवणारी मुलगी आपल्या वस्त्यांमध्ये दुर्मीळ नाही. ती पास झाली की आपण तिचा सत्कार करतो, शाल देतो. त्या दोन वर्षांत तिचे मूल सांभाळणाऱ्या सासूला किंवा आईला स्टेजवर कोणी बोलावत नाही.

नोकरी लागल्यावर काय होते? सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष. १९७३ साली कर्तारसिंग समितीने एएनएमला बहुउद्देशीय कर्मचारी करून टाकले. तेव्हापासून प्रसूती हे तिच्या अनेक कामांपैकी एक काम झाले. लसीकरण, कुटुंब नियोजन, सर्वेक्षण, साथरोग, आणि आता मोबाइलवर माहिती भरणे. आणीबाणीच्या काळात नसबंदीच्या उद्दिष्टांचे ओझे याच बायकांच्या डोक्यावर होते. मुख्यालयी राहण्याची सक्ती आहे, परंतु मुख्यालय म्हणून दिलेली खोली अनेक ठिकाणी गळते, आणि त्या गावात मुलासाठी चांगली शाळा नसते. मग नवरा आणि मुले तालुक्याला, ही उपकेंद्रावर. किंवा ही रोज एसटीने ये-जा करते आणि मुख्यालयी राहत नाही म्हणून नोटीस खाते. नोटीस देणाऱ्या अधिकाऱ्याचे बिऱ्हाड कुठे असते, हे विचारायचे नसते.

कायद्याने तिला काय दिले आहे तेही पाहू. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही ही तरतूद कायम आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे, असेही कायदा म्हणतो. आता उपकेंद्रात माणसे किती? दोन, फार तर तीन. प्राथमिक आरोग्य केंद्रातही पन्नास भरत नाहीत. म्हणजे ज्या जागी बाळे जन्माला येतात, त्या जागेला पाळणाघराचा कायदा लागूच होत नाही! केंद्राच्या 'पाळणा' योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. पण ते दिवसाचे. कळा रात्री येतात तेव्हा काय?

राज्य शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, चांगले केले. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना हीच रजा ७३० दिवस आहे. परंतु कंत्राटी बाईच्या डोक्यावर रजेच्या आधी ऑर्डरची टांगती तलवार असते. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग नूतनीकरण. पोट दिसू लागल्यावर रजा मागायची की नूतनीकरण होईपर्यंत गप्प बसायचे, हा हिशेब तिला करावा लागतो. दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयातली कंत्राटी महिला डॉक्टर यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचा लाभ संपत नाही, असा निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या बाजूने लागला. मस्टरवरच्या स्त्री मजुरांनाही हा हक्क आहे, हे त्याच न्यायालयाने २००० सालीच सांगितले होते. डॉक्टर कोर्टात जाऊ शकली. उपकेंद्रावरची आरोग्यसेविका अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर कोणत्या कोर्टात जाणार?

या ठिकाणी २८ जुलै १९२८ ची आठवण करून दिली पाहिजे. मुंबई विधिमंडळात कारखान्यातील स्त्रियांना प्रसूतीचा लाभ देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, कारण लोककल्याण ही सरकारची पहिली जबाबदारी आहे, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. भार सरकारचा, असे त्यांनी म्हटले तेव्हा समोर गिरणीमालक होते. आज स्वतः सरकारच मालक आहे, आणि भार मात्र आरोग्यसेविकेच्या सासूवर आहे. सासूचे गुडघे गेलेले, तिने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपलेले. जुनी सुईण विनामोबदला बाळंतपण करत होती. आता बाळंतपण करणारीला पगार आहे, परंतु तिच्या पगाराखाली दुसऱ्या एका बाईचे विनामोबदला श्रम गाडले गेले आहेत.

आता एक नवी गोष्ट येऊ घातली आहे, तिच्याकडे समाजाने वेळीच लक्ष द्यावे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. गुंतागुंत नसलेली बाळंतपणे डॉक्टरांऐवजी खास प्रशिक्षित प्रसाविकांनी स्वतंत्रपणे सांभाळावीत, हा त्यामागचा विचार. तेलंगणाने त्याआधीच, २०१७ मध्ये, करीमनगरला असे प्रशिक्षण सुरू केले होते. विचार योग्य आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी दवाखान्यांतील ४७ टक्क्यांहून अधिक प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसले, सरकारी दवाखान्यांत हेच प्रमाण १४ टक्के. सगळ्यांच्याच बायका एवढ्या अडत असतील यावर कोण विश्वास ठेवील? पोटावर सुरी न चालवता बाळंतपण करणारा हात परत हवा आहे, हे सरकारलाही पटले.

पण हा हात कोणाचा असेल? या प्रशिक्षणाला जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली परिचारिका लागते. अठरा महिने पूर्णवेळ, त्यातले शेवटचे सहा महिने आंतरवासिता. एएनएमला थेट प्रवेश नाही. म्हणजे वीस-वीस वर्षे उपकेंद्रात बाळंतपणे केलेली बाई बाहेर, आणि घरदार सोडून दीड वर्ष जिल्ह्याच्या गावी राहू शकणारी आत. ज्या बाईच्या घरी मूल सांभाळायला माणूस आहे, नवऱ्याची नोकरी पक्की आहे, तीच अर्ज भरील. जी गोष्ट जातीने आपल्या बायकांवर लादली होती, तिला प्रतिष्ठा आणि अधिकार मिळण्याची वेळ आल्यावर आपल्या बायका दाराबाहेर राहणार असतील, तर याला योगायोग म्हणता येणार नाही.

सरकारवर बोलणे सोपे असते, म्हणून थोडे घरातलेही. बाबासाहेबांची तसबीर दिवाणखान्यात असते, रविवारी विहारात वंदना होते, भाषणात स्त्रीमुक्तीचा दिवस म्हणून मनुस्मृती दहनाचा उल्लेख होतो. आणि नाइट करून सकाळी आठला परतलेली सिस्टर चपला काढते तोच डब्याचे काय, असा प्रश्न येतो. तिच्या पगारावर घराचे हप्ते चालतात, प्लॉट घेतला जातो, दिराची फी भरली जाते. परंतु मूल तापले की रजा तिचीच पडते. बापाने रजा टाकून मुलापाशी बसावे, हे आपल्या सुशिक्षित, चळवळीतल्या घरांतही अजून पचत नाही. सभेला जाणाऱ्या कार्यकर्त्याने आठवड्यातून दोन रात्री मूल सांभाळले, तर चळवळ बुडत नाही.

करण्यासारखे आहे ते फार मोठे नाही. पन्नास कर्मचाऱ्यांची अट आरोग्य खात्यापुरती बाजूला ठेवून प्रसूती होणाऱ्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रीसुद्धा चालणारी एक खोली, एक दाई आणि एक पाळणा. नर्सिंगच्या वसतिगृहात आईसोबत मुलाला राहण्याची परवानगी आणि जागा. अनुभवी एएनएमसाठी टप्प्याटप्प्याने, नोकरीत राहून जीएनएम आणि पुढे प्रसाविका होण्याचा मार्ग, आणि त्या काळात पूर्ण पगार. यातले काहीही मागायला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरेसा आहे. तो विधिमंडळात मागण्यासाठी राखीव मतदारसंघांतून आपण निवडून दिलेल्या आमदारांची संख्या २९ आहे.