१४ अँपिअरची बाजू

इलेक्ट्रिक मोटरसायकलसाठी घरी जलद चार्जर बांधायचा म्हटलं की दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, हा आगीशी खेळ आहे, गाडीबरोबर आलेला चार्जर वापरा आणि गप्प बसा. दुसरा म्हणतो, त्यात काय एवढं, जास्त अँपिअरचा पुरवठा आणा, वायरी जोडा, तासाभरात गाडी फुल. मी असा चार्जर बांधला आहे आणि रोज वापरतो आहे. मला दोन्ही आवाज चुकीचे वाटतात, दुसरा जास्त.

आधी पहिल्याचं. चार्जर विकत घेतला म्हणजे सुरक्षितता विकत घेतली, ही समजूत २०२२ मध्येच जळून गेली. त्या मार्चमध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोर इथे घरी चार्जिंगला लावलेल्या गाडीने रात्री पेट घेतला आणि धुरात गुदमरून बाप-लेक गेले. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरी-सुरक्षेच्या एआयएस-१५६ या मानकात दुरुस्त्या झाल्या आणि त्या डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. म्हणजे तोवर बाजारात जे होतं ते पुरेसं नव्हतं, हे सरकारनेच मान्य केलं. धोका ‘घरचा की कारखान्यातला’ यावर ठरत नाही. तो ठरतो सेल, जोडणी आणि मर्यादा यांवर, आणि या तिन्ही गोष्टी मोजता येतात.

चार्जरमध्ये गूढ असं काही नाही. ठरावीक व्होल्टेज येईपर्यंत तो एकसारखा करंट देतो. तिथे पोचला की व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट आपोआप उतरत जातो. माझ्या पॅकमध्ये लिथियम एनएमसी सेलच्या २० जोड्या एकापुढे एक आहेत. सेलला ४.२ व्होल्ट, म्हणून पॅकला ८४. पॅक ४० अँपिअर-तासांचा आणि मूळ चार्जर ६ अँपिअरचा, म्हणजे सात तास. दिवसातून दोनदा बाहेर पडणाऱ्या माणसाला सात तास परवडत नाहीत. घरोघरी सामान पोचवणाऱ्या मुलाचा तर त्यात अख्खा रोज बुडतो. ही गरज खरी आहे. तिला हौस म्हणून उडवून लावणं मला मान्य नाही.

मी एलईडी दिव्यांसाठी मिळणारे ४२ व्होल्टचे दोन पुरवठे सिरीजमध्ये जोडले. करंट १४ अँपिअर, वेळ सव्वातीन तास. जोडण्याआधी एक अख्खी संध्याकाळ मल्टिमीटर घेऊन बसलो होतो, कारण दोन्ही पुरवठ्यांचं आउटपुट अर्थिंगपासून पूर्ण सुटं असावं लागतं. दोघांचेही मायनस आतून बॉडीला जोडलेले असतील तर सिरीज करताक्षणी शॉर्ट होतो. पॅकच्या बाजूला डीसीसाठीच बनलेला फ्यूज घातला. एसीचा करंट दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तिथली ठिणगी विझते. डीसीची विझत नाही. भिंतीच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती दिसताच वीज तोडणारा स्विच. आणि १६ अँपिअरचा प्लग, कारण ६ अँपिअरच्या पिनेवर हा भार अगदी काठावर येतो आणि तीन तासांत पिन तापते. एक्स्टेंशन बोर्डाचं तर नावच नको.

आता दुसरा आवाज. तासाभरात ४० अँपिअर-तास भरायचे तर ४० अँपिअर हवेत. ८४ व्होल्टला ते ३३६० वॅट झाले. चार्जरमधली गळती धरली तर भिंतीतून ३७०० च्या घरात. घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगची सगळी ताकद ३६८० वॅट. म्हणजे तासाभराची बढाई प्लगपाशीच संपते, सेल तो करंट सोसतील का हा प्रश्न अजून पुढेच आहे.

पण माझा खरा राग आहे तो बीएमएसला, म्हणजे पॅकमधल्या सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटला, बगल देण्यावर. अनेक पॅकमध्ये चार्जिंगची वाट आणि मोटरकडे जाणारी वाट वेगळी असते. चार्जिंगची वाट बारीक, १०-२० अँपिअरची, मोटरची जाडजूड. जास्त करंट ढकलला की बीएमएस चार्जिंग तोडतो, मग ‘जुगाड’ निघतो: चार्जर थेट मोटरच्या वायरींवर. तिथून करंट जातो खरा, पण एखादा सेल ४.२ च्या वर चढला तर त्याला थांबवणारं कुणी उरत नाही. बीएमएस करंट तोडतो तेव्हा तो अडवत नसतो, सांगत असतो. त्याचं तोंड बांधून मिळवलेल्या वेगाला मी कारागिरी म्हणणार नाही.

आमच्या गल्लीतल्या एकाने माझ्या चार्जरचा नकाशा मागितला. त्याचा पॅकही सिरीजमध्ये २० सेलचाच, पण एलएफपी या वेगळ्या लिथियम सेलचा. त्या सेलची मर्यादा ३.६५, म्हणजे पॅकला ७३ व्होल्ट. माझे ८४ त्यात गेले असते तर काय झालं असतं, हे मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. नकाशा दिला नाही, मल्टिमीटर दिला. मे महिन्यात अकोला-नागपूरकडे हे करणाऱ्यांनी तर आणखी एक आकडा लक्षात ठेवावा: बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. दुपारी गाडी चालवून आल्यावर लगेच प्लग लावू नये, पॅक निवू द्यावा. आणि रात्री सगळे झोपले असताना तर मुळीच लावू नये.

एआयएस-१५६ मध्ये चार्जरसाठी ज्या अटी आहेत, ठरल्या व्होल्टेजला तोडणी, सुरुवातीला हळूहळू वाढणारा करंट, गळतीची ओळख, त्या घरी बांधणाऱ्यानेही वाचाव्यात आणि जमेल तितक्या पाळाव्यात. मात्र मग विकणाऱ्यांनीही आपलं काम करावं. माझा पॅक किती करंट घेऊ शकतो हे मी विक्रेत्याला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा फक्त ‘आमचाच चार्जर वापरा’ हे उत्तर मिळालं. आकडा शेवटी बीएमएसवरच्या बारीक चिठ्ठीवर सापडला: २०. म्हणून मी १४ वर थांबलो. सेल कोणते, कमाल व्होल्टेज किती, चार्जिंगचा कमाल करंट किती, या तीन ओळी प्रत्येक पॅकच्या बाहेरच्या अंगावर ठळक छापलेल्या असल्या पाहिजेत.